भ्यालेल्या बाईचा शब्द

भयपटाला आपल्या घरांत कोणी पुढच्या दाराने आत घेत नाही. वडीलधारी मंडळी झोपली, दिवे मालवले, की तो मुलांच्या मागून हळूच शिरतो. नाटक, कादंबरी, कविता यांवर बोलताना आपण सावरून बसतो. भयपटाचा विषय निघाला की हसून सोडून देतो. या उपेक्षेला कारण नाही असे नाही. या प्रकारातला पुष्कळसा माल सुमार असतो. किंकाळी, करकरणारे दार आणि मोकळे केस एवढ्या भांडवलावर तो बाजारात येतो. परंतु सुमार कविता पुष्कळ लिहिल्या जातात म्हणून आपण कवितेला वाळीत टाकलेले नाही. भयपटाला मात्र टाकले. आणि त्याबरोबर, त्यात काम केलेल्या स्त्रियांची नावेही विसरलो.

ही नावे शोधून काढण्याचे काम अलीकडे काही स्त्रियांनीच हाती घेतले आहे. अमेरिकेतील चित्रपट-पत्रकार हायडी हनीकट हे त्यांतील ठळक नाव. वृत्तलेखन करता करता त्यांनी लॉस एंजेलिस येथे 'इथेरिया' हा महोत्सव इतरांसमवेत उभा केला. स्त्रियांनी दिग्दर्शित केलेले भय, अद्भुत आणि विज्ञानकथा या प्रकारांतील चित्रपट तेथे दाखविले जातात. २०२४ साली त्यांचे 'आय स्पिट ऑन युवर सेल्युलॉइड' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. भयपट दिग्दर्शित करणाऱ्या स्त्रियांचा मूकपटांच्या काळापासूनचा इतिहास त्यात मांडला आहे. पुस्तकाचे नाव आमच्या वाचकांना रुचणार नाही, आम्हालाही ते फारसे रुचलेले नाही. पण ते एका कुप्रसिद्ध चित्रपटाच्या नावावरचा जाणूनबुजून केलेला टोमणा आहे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. कामाचे मोल त्याने उणावत नाही. स्त्रियांनी भयपट काढलेच नाहीत, त्यांना भय दाखविता येत नाही, त्या फक्त भिण्यासाठी असतात, हा समज पुराव्यानिशी खोडून काढणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

महोत्सवासाठी चित्रपट निवडणाऱ्या व्यक्तीचे काम नेमके काय, हे सांगायला हवे. आलेल्या ढिगातून चांगले वेचणे एवढेच ते नाही. जे आलेलेच नाही ते मागविणे, ज्याची प्रत कोठे आहे हे कोणाला ठाऊक नाही ती शोधणे, कोणत्या चित्रपटाशेजारी कोणता ठेवला असता दोहोंचा अर्थ उजळेल हे ठरविणे, आणि मग प्रेक्षकाला हाताला धरून आणून बसविणे, असे ते काम आहे. आपल्याकडे मुंबईच्या समीक्षक मीनाक्षी शेड्डे यांनी बर्लिनच्या महोत्सवासाठी भारत व दक्षिण आशियाच्या प्रतिनिधी म्हणून असे काम दीर्घकाळ केले. त्यांचे क्षेत्र मात्र भयपटापुरते नाही. केवळ या प्रकाराला वाहिलेला प्रयत्न म्हणजे सपना भवनानी यांनी २०२१ साली मुंबईत सुरू केलेला 'वेंच' महोत्सव. 'वेंच' हा इंग्रजीत बाईला हिणवून म्हणण्याचा शब्द. तोच त्यांनी पाटीवर लावला. भवनानी स्वतः दिग्दर्शिका आहेत. फाळणीनंतर देशोधडीला लागलेल्या सिंधी समाजावरचा 'सिंधुस्तान' हा माहितीपट त्यांचा.

हा खटाटोप लॉस एंजेलिसला किंवा अंधेरीला शोभेल, रत्नागिरीला त्याचे काय, असा प्रश्न कोणी विचारील. आम्ही म्हणू, रत्नागिरीइतका तो दुसऱ्या कोणाला लागू नाही. भुतांच्या गोष्टींचे माहेर म्हणून सारा महाराष्ट्र ज्या प्रदेशाकडे बोट दाखवितो तो आपला प्रदेश. आणि कोकणच्या भुतांची जुनी यादी जरा लक्षपूर्वक वाचावी. पुरुषभुतांना व्यवसाय आहे, स्वभाव आहे, मालमत्ता आहे. समंधाला धन राखायचे असते. ब्रह्मराक्षसाला विद्येचा ताठा असतो. देवचार गावाची वेस सांभाळतो. अल्पवयात गेलेला मुंजा तेवढा अपवाद. स्त्रियांची भुते मात्र एकाच मापाने मोजलेली आहेत. बाळंतपणात गेली ती हडळ, सवाष्ण गेली ती जखीण, विधवा गेली ती लावसट. गावागणिक व्याख्या थोडी इकडे तिकडे सरकते, माप तेच राहते: मरतेवेळी तिचा नवरा होता की नव्हता, आणि तिच्या पोटी मूल होते की नव्हते. ती कशाने रडत होती, हे त्या यादीत कोठेही नोंदलेले नाही.

या गोष्टी सांगणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या, हेही विसरता कामा नये. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर १००० पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हा आकडा काही स्त्रीसन्मानाचा नाही. पुरुष मुंबईला चाकरीला गेले, त्याचा तो हिशेब आहे. मागे राहिलेल्या घरात सासू, सून, पोरे आणि पावसाळ्याची रात्र. त्या घरातली बाई जेव्हा म्हणाली की परसात कोणी उभे आहे, तेव्हा ते खरे मानायला कोणी नव्हते. सकाळी तिला वेडी ठरविले, नाहीतर झपाटलेली.

भयपटाचे मर्म आमच्या मते येथे आहे. जगातल्या कोणत्याही भाषेतला भयपट घ्या, त्यात एक प्रसंग ठरलेला असतो. बाई सांगते, या घरात काहीतरी आहे. आणि नवरा, डॉक्टर, शेजारी, कोणीही तिच्या शब्दावर विश्वास ठेवीत नाही. पुढचे सारे या अविश्वासातून घडते. म्हणून चित्रपट स्त्रीने केला की पुरुषाने, हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी पहिला नव्हे. पहिला प्रश्न हा की भ्यालेल्या बाईचा शब्द तो चित्रपट साक्ष म्हणून ऐकतो की लक्षण म्हणून. या कसोटीवर आपल्याकडचे काही चित्रपट घासून पाहण्याजोगे आहेत, आणि त्यांतला सर्वांत जुना, सर्वांत दुर्लक्षित म्हणजे 'गहराई'.

'गहराई' १९८० साली आला. भाषा हिंदी, पण तो करणारी मंडळी बरीचशी मराठी. दिग्दर्शन अरुणा राजे आणि विकास देसाई या जोडीचे. त्या वेळी 'अरुणा-विकास' या नावाने ती ओळखली जाई. लेखनात विजय तेंडुलकर यांचा हात होता. श्रीराम लागू, अनंत नाग, इंद्राणी मुखर्जी, पद्मिनी कोल्हापुरे, अमरीश पुरी अशी नटमंडळी. अरुणा राजे मूळच्या पुण्याच्या. १९६९ साली तेथील फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून बाहेर पडल्या. ज्या काळात स्टुडिओतल्या बाया म्हणजे नट्या, नाहीतर केस विंचरणाऱ्या, त्या काळात ही बाई संकलनाच्या टेबलाशी आणि कॅमेऱ्यामागे उभी होती. आपल्या 'फ्रीडम' या आत्मकथनात त्यांनी तो प्रवास सांगितला आहे. तरीही हिंदी-मराठी भयपटांच्या गप्पांत रामसे बंधूंची नावे तोंडपाठ असलेल्या माणसाला हे नाव चटकन आठवत नाही.

कथा थोडक्यात अशी. चेन्नबसप्पा हा शहरात वाढलेल्या कुटुंबाचा कर्ता, बुद्धिवादी, शिस्तीचा. गावाकडची वडिलोपार्जित जमीन तो कारखान्याला विकून टाकतो. ती जमीन आईसारखी सांभाळणारा म्हातारा राखणदार बसवा कळवळून विरोध करतो, पण ऐकतो कोण? मग चेन्नबसप्पाच्या शाळकरी मुलीला, उमाला, काही होऊ लागते. तिच्या तोंडून बसवाचा आवाज येतो. आणि तो आवाज घरासमोर वडिलांचे पाप मांडतो: बसवाच्या बायकोवर याच मालकाने अन्याय केला होता, त्यातून ती जिवाला मुकली. डॉक्टर येतात, मांत्रिक येतात; वडील शेवटपर्यंत आपल्या तर्काला चिकटून असतात, आणि आई या दोहोंच्या मध्ये झिजत जाते.

चित्रपटाची ताकद घराच्या चित्रणात आहे. येथे पडका वाडा नाही, वटवाघळे नाहीत. जेवणाचे टेबल, मुलीचे दप्तर, दिवाणखान्यातला उजेड. श्रीराम लागूंनी या बापाला खलनायक केलेले नाही. सभ्य माणूस आपले जुने कृत्य किती व्यवस्थित घडी घालून ठेवू शकतो, ते त्यांनी आवाजाच्या एका कोरड्या पट्टीत दाखविले आहे. भूत खरे की मुलीच्या मनाचा आजार, हा वाद चित्रपट रंगवितो; परंतु ज्या क्षणी उमा बोलू लागते त्या क्षणी आपल्याला कळते की वाद निरर्थक आहे. आवाज भुताचा असो की आजाराचा, तो सांगतो ते खरे आहे. या घरात जे कोणी बोलले नसते ते तो बोलतो. भयपटाने करावयाचे काम याहून निराळे नाही.

आणि येथेच आमची तक्रारही आहे. मरते बसवाची बायको. अन्याय तिच्यावर झाला. कोकणच्या कोणत्याही म्हातारीला विचारा, ती सांगेल की परत यायला हवी ती हीच. पण परत येतो तिचा नवरा! देह उमाचा, आवाज बसवाचा, दुःख त्या तिसऱ्या बाईचे. आणि तिला मेल्यावरसुद्धा तोंड उघडता आलेले नाही. तिच्यावरचा अन्याय हा अखेर दोन पुरुषांमधला, मालक आणि गडी यांच्यामधला हिशेब होऊन बसतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. तांत्रिकाच्या विधीचा जो प्रसंग चित्रपटात आहे, त्यात एका अल्पवयीन मुलीची जी मर्यादा कॅमेऱ्याने राखायला हवी होती ती राखलेली नाही. तांत्रिक त्या मुलीचा गैरफायदा घेतो हे सांगण्यासाठी प्रेक्षकाला त्याच्या डोळ्यांनी बघायला लावण्याची गरज नव्हती. दिग्दर्शनात स्त्री असूनही हे घडले. स्त्रीने केले म्हणून सारे निर्मळ, असे मानणाऱ्या उत्साही समीक्षकांनी या प्रसंगापाशी थांबून विचार करावा. जो महोत्सव 'गहराई' दाखवील, त्याने हेही सांगितले पाहिजे.

'गहराई'चे नाव निघाले की 'द एक्झॉर्सिस्ट'चे निघतेच. १९७३ चा तो चित्रपट आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. न पाहिलेल्यांनी त्याची कीर्ती ऐकली असेल. मूळ कादंबरीचे लेखक विल्यम पीटर ब्लॅटी हे येशूसंघीयांच्या जॉर्जटाउन विद्यापीठात शिकलेले कॅथलिक, आणि चित्रपटात फादर डायर यांची भूमिका करणारे विल्यम ओ'मॅली हे खरोखरच येशूसंघीय धर्मगुरू होते. त्यातील हिरवी ओकारी सर्वांना आठवते. आम्हाला मात्र आठवते ती आई. देवावर विश्वास नसलेली ही बाई एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे वणवण करते, प्रत्येक जण तिला समजावतो, आणि अखेर तिचे म्हणणे ऐकून घेतो तो श्रद्धा डळमळलेला एक धर्मगुरू, जो स्वतः मनोविकारतज्ज्ञही आहे. तोही लगेच मानत नाही; आधी वैद्यकीय कारणे तपासा म्हणतो. ख्रिस्तसभेची रीतही तीच आहे. बिशपांच्या स्पष्ट अनुमतीवाचून कोणा धर्मगुरूला हा विधी करता येत नाही, आणि १९९९ साली व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या सुधारित विधीत आजार व बाधा यांत गल्लत न करण्याची ताकीद आहे. चित्रपटाने ही सावधगिरी प्रामाणिकपणे दाखविली. पण शेवटी बऱ्या झालेल्या मुलीला काहीच आठवत नाही. तिच्या देहावर एवढे युद्ध झाले, दोन पुरोहितांनी त्यात प्राण दिले, आणि तिची साक्ष कोऱ्या पाटीसारखी पुसली गेली. उमा आणि ही रीगन, दोघी या बाबतीत बहिणी शोभतात.

अरुणा राजे यांना 'गहराई'तली ही उणीव जाणवली होती का, ते सांगता येणार नाही. पण आठ वर्षांनी, १९८८ साली, एकट्याने दिग्दर्शित केलेल्या 'रिहाई'त त्यांनी ज्या बायकांना बोलते केले, त्या पाहिल्या की वाटते, बसवाच्या बायकोचे उत्तर येथे मिळाले. 'रिहाई' भयपट नाही. गुजरातेतील एका खेड्यातले पुरुष शहरात कामाला गेलेले आहेत आणि बायका मागे राहिल्या आहेत. वरचा जनगणनेचा आकडा ज्यांच्या लक्षात राहिला असेल त्यांना या खेड्याची ओळख पटायला वेळ लागणार नाही. टाकू (हेमा मालिनी) परपुरुषाकडून गरोदर राहते. नवरा परततो. मूल पाडून टाक, म्हणजे सारे पूर्ववत होईल, असे तिला सांगितले जाते. ती नाही म्हणते. भर गावासमोर नाही म्हणते, आणि शहरात गेलेल्या पुरुषांनी तिकडे काय केले, तेही विचारते. तिच्या वर्तनाचे समर्थन करण्याचे आम्हाला कारण नाही, चित्रपटही ते फारसे करीत नाही. परंतु त्या पोटातल्या जिवाची बाजू त्या अख्ख्या गावात एकटी तीच घेते, हे आपल्या कुटुंबांतून ध्यानपूर्वक पाहिले जावे.

मराठीतला अलीकडचा विचारात घेण्याजोगा भयपट 'लपाछपी' (२०१७). दिग्दर्शक विशाल फुरिया, म्हणजे पुरुष. आठ महिन्यांची गरोदर नेहा (पूजा सावंत) नवऱ्याबरोबर उसाच्या रानातल्या एका घरात येऊन राहते. घर तुळसाबाईचे (उषा नाईक). उसात मुले खेळतात, हाका येतात. नेहमीप्रमाणे नेहाचे कोणी ऐकत नाही. मात्र नेहा त्या हाकांपासून पळत नाही, ती त्या ऐकते. आणि मेलेल्यांपेक्षा भीती कोणाची बाळगावी ते तिला उमगते. स्त्रीभ्रूणहत्येचा विषय इतक्या थेट भिडलेला दुसरा मराठी चित्रपट चटकन डोळ्यांपुढे येत नाही. गर्भलिंगचिकित्सेवर कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य, १९८८ साली. तरीही सहा वर्षांखालील मुलींचे प्रमाण २००१ मध्ये दर १००० मुलांमागे ९१३ होते ते २०११ मध्ये ८९४ वर आले. उसाच्या रानातल्या त्या हाका कोठून येतात, ते या आकड्यांवरून समजावे. उषा नाईक यांची तुळसाबाई हे या चित्रपटाचे खरे यश: प्रेमळ, पोटभर जेवू घालणारी, कोणाच्याही घरात असावी अशी सासू. बाईवर अन्याय करणारी व्यवस्था बाईच्याच हातांनी वाढली जाते, हे तिच्या वाढपात दिसते. याच दिग्दर्शकाने पुढे हिंदीत त्याची 'छोरी' (२०२१) ही आवृत्ती केली. तिथे सफाई अधिक आहे, पण तुळसाबाईच्या भाकरीचा वास नाही.

'तुंबाड'विषयी (२०१८) लिहिल्यावाचून रत्नागिरीकरांना राहवणार नाही, म्हणून दोन वाक्ये. खेड तालुक्यातल्या, जगबुडीकाठच्या, पेंडशांच्या कादंबरीने आधीच अमर केलेल्या गावाचे नाव व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहाच्या उद्‌घाटनाला झळकले, याचा अभिमान जरूर वाटावा. पण लोभाच्या त्या देखण्या कथेत साखळीने जखडलेली म्हातारी आहे, राबणारी आई आहे, वाट पाहणारी बायको आहे. यांपैकी एकीचीही गोष्ट चित्रपटाला सांगायची नाही.

आता, या साऱ्याचा आपल्याशी संबंध पडद्यापुरता नाही. अंगात आले, बाधा झाली, म्हणून बाईला मिरचीची धुरी देणे, झोडपणे, साखळीने बांधणे यांवर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने बंदी आली. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर तो अध्यादेशाने निघाला. कायदा आला म्हणून भगताचे दार बंद झालेले नाही, आणि रविवारी मिस्साला येणाऱ्या घरांतूनही कोणी अंधार पडल्यावर तिकडे जातच नाही, असे छातीवर हात ठेवून किती जण म्हणतील? तेथे नेली जाते ती बहुधा सून, नाहीतर न बोलणारी मुलगी. तिला काय झाले हे तिला विचारण्याआधी तिला काय लागले हे ठरलेले असते. 'गहराई'तल्या बापाचा तर्क आणि भगताचा मंत्र, दोहोंत हे एक साम्य आहे: मुलीला कोणी प्रश्न विचारीत नाही.

हनीकट किंवा भवनानी यांच्यासारख्यांच्या कामाचे मोल आम्ही या बाजूने लावतो. स्त्री-दिग्दर्शकांची लांबलचक यादी करून टाळ्या घेणे सोपे आहे, आणि अशा महोत्सवांत कधीकधी यादीच चित्रपटाहून मोठी होते, हेही खरे. त्यात गुणवान आणि गुणहीन एकाच ओळीत उभे राहतात. परंतु यादीच नसेल तर निवड कशातून करणार? 'गहराई' कोणी पुन्हा लावलाच नाही, तर त्यातल्या बसवाच्या बायकोला आवाज नाही, ही तक्रार तरी कोणी कशी करावी?

एखाद्या धर्मग्रामाच्या सभागृहात कोणाला हे घडवून आणावेसे वाटले, तर आमची सूचना अशी. चित्रपट तीनच असावेत आणि तीन वेगवेगळ्या शनिवारी. आधी 'गहराई', फक्त प्रौढांसाठी, आणि तांत्रिकाचा प्रसंग गाळून. मग 'रिहाई', त्यानंतर अर्धा तास तरी चर्चेला ठेवावा, आणि पहिल्याने बायकांना बोलू द्यावे. शेवटी 'लपाछपी', सासू आणि सून दोघींनी शेजारी बसून पाहण्यासाठी. दिवस गेलेल्या मुलीने मात्र तो बाळंतपण आटोपल्यावरच पाहावा.